सेक्शनचा क्लास सांगण्याआधी दोन प्रश्न

अंबड-सातपूरच्या शेडची डिझाइनं करायला आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना मी हमखास विचारतो, "आयएसएमबी ६०० कुठल्या क्लासचा?" आयएसएमबी ६०० म्हणजे ६०० मिमी उंचीचा आय आकाराचा स्टीलचा सेक्शन. क्लास म्हणजे त्याच्या प्लेटा यील्डआधी (स्टील कायमचं वाकायला लागण्याआधी) बकल होतात, म्हणजे दाबाने फुगून वाकतात का, यावरून ठरणारा दर्जा; उतरत्या क्रमाने प्लॅस्टिक, कॉम्पॅक्ट, सेमी-कॉम्पॅक्ट, स्लेंडर. झटकन उत्तर येतं, "प्लॅस्टिक, सर." मग पुढचा प्रश्न: बीम म्हणून की कॉलम म्हणून?

स्टील टेबल उघडा आणि शेजारी स्टील डिझाइनच्या भारतीय कोडचा, म्हणजे आयएस ८००:२००७ चा तक्ता २ ठेवा; प्लेटची रुंदी भागिले जाडी किती चालते ते त्यात आहे. ६०० च्या वेबची (मधल्या उभ्या प्लेटची) जाडी १२ मिमी, वरखालचे फ्लँज (आडव्या प्लेटा) आणि फिलेट (कोपऱ्यातली गोलाई) सोडून उंची साधारण ५१८ मिमी. भागाकार ४३. बीममध्ये मर्यादा ८४ एप्सिलॉन. एप्सिलॉन हा स्टीलच्या ग्रेडवरून येणारा गुणक; २५० यील्ड स्ट्रेसच्या स्टीलला (ई२५०) तो १, म्हणजे वेब आरामात प्लॅस्टिक. फ्लँजचं गुणोत्तर (अर्धी रुंदी भागिले जाडी) तर पाचच्या आसपास, तिथे ९.४ पर्यंत चालतं. आता हाच सेक्शन कॉलम म्हणून उभा करा आणि नुसता अक्षीय भार द्या. बीममध्ये अर्धा वेब ताणात होता. इथे अख्खा दाबात. मर्यादा एकदम ४२ वर येते आणि तुमचा 'प्लॅस्टिक' सेक्शन स्लेंडर ठरतो.

दुसरा प्रश्न ग्रेडचा, आणि माझ्या मते जास्त घात इथेच होतो. एप्सिलॉन म्हणजे २५० भागिले यील्ड स्ट्रेस, त्याचं वर्गमूळ. वेल्डेड बिल्ट-अप बीमचा ३०० × १२ चा फ्लँज घ्या: अर्धी रुंदी १५० भागिले १२, म्हणजे १२.५. ई२५० मध्ये सेमी-कॉम्पॅक्टची मर्यादा १३.६, त्यात बसतो. वजन वाचवायला ई३५० घेतलं की एप्सिलॉन ०.८४५, मर्यादा ११.५, आणि तोच फ्लँज स्लेंडर. स्टील जितकं ताकदवान तितका जास्त स्ट्रेस ते यील्डपर्यंत सोसतं; पण पातळ प्लेट त्याआधीच बकल होते.

क्लासवरून पुढचं गणित बदलतं. वाकण्याची ताकद काढताना प्लॅस्टिक आणि कॉम्पॅक्टला झेडपी (प्लॅस्टिक सेक्शन मॉड्युलस), सेमी-कॉम्पॅक्टला झेडई (इलॅस्टिक सेक्शन मॉड्युलस). स्लेंडरला मर्यादेबाहेरची रुंदी वजा करून उरेल तेवढाच सेक्शन. सॉफ्टवेअर हे करतंच, तरी सुरुवातीला दर सेक्शन हाताने तपासा.

सिन्नरच्या वर्कशॉपमधून फोन येईल, "साहेब, १४ ची प्लेट नाही, १२ ची चालेल का?" त्याच ३०० रुंदीच्या फ्लँजला ई३५० मध्ये १४ ची प्लेट घेतली तर गुणोत्तर १०.७, म्हणजे सेमी-कॉम्पॅक्ट. १२ ला काय होतं ते वर आलंच आहे. फोन ठेवण्याआधी तुम्हाला 'नाही' म्हणता आलं पाहिजे.