तिरक्या इम्प्लांटवर कॅप बसवण्याआधी ओळंबा सोडा

माझे बाबा गवंडी होते. दर दोन थरांनी ओळंबा सोडल्याशिवाय वीट पुढे जायची नाही. आज तिरक्या इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात कलून बसलेल्या कृत्रिम मुळावर, कॅप करायची असली की मीही ओळंबा सोडते, फक्त स्क्रीनवर. नव्याने दातांचा दवाखाना सुरू केलेल्यांनी ही सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

खालची दाढ धरू. सीबीसीटीचा (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेचा) गालाकडून जिभेकडे जाणारा छेद उघडा. इम्प्लांटच्या मधोमध एक रेघ मारा. वरची दाढ जिथे टेकणार, त्या बिंदूतून जोराच्या दिशेने सरळ खाली दुसरी. दोघींमधला कोन सगळेच मोजतात. पण दुसरी रेघ इम्प्लांटच्या मानेपासून, म्हणजे हाडाच्या कडेशी असलेल्या वरच्या टोकापासून, किती बाजूला पडते, तेही मोजा.

समजा इम्प्लांट २५ अंश कललंय आणि टेकण्याचा बिंदू त्याच्याच रेघेत, मानेपासून १० मिमीवर आहे. ओळंबा मानेच्या ४.२ मिमी बाहेर पडतो. २०० न्यूटनचा घास चावला की मानेशी ८४० न्यूटन-मिमीची तरफ (वाकवणारा जोर) लागते. हाड दाब बऱ्यापैकी सोसतं, ओढणारा ताण आणि घसरवणारी कातर तितकी नाही. आणि सगळा भार मानेभोवतीच्या कठीण हाडाच्या कड्यावर गोळा होतो. तोच बिंदू आडवा २ मिमी मानेच्या बाजूला सरकवला, तर तरफ ४४० वर येते!

हे मी एका पेशंटकडून शिकले. शेजारच्या दाढेला शोभेल अशी रुंद कॅप दिली होती. आठ महिन्यांत स्क्रू दोनदा सैल झाला. कॅप अरुंद केली, उंचवटे बसके केले, टेकण मानेवर आणलं. त्यानंतर तक्रार आली नाही. १७ किंवा ३० अंशांचं अँगल्ड अ‍ॅबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि कॅप जोडणारा वाकडा तुकडा, इथेच उपयोगी पडतं. मात्र हाडातलं इम्प्लांट त्याने सरळ होत नाही, आडवा जोर उरतोच.

एकट्या इम्प्लांटचा हा हिशोब ऑल-ऑन-फोरला, म्हणजे चार इम्प्लांटवर बसवलेल्या अख्ख्या जबड्याच्या दातांना, लावू नका. तिथे मागची दोन इम्प्लांटं मुद्दाम ३० ते ४५ अंश कलवतात. सगळी एकमेकांना जखडलेली असतात आणि कलामुळे मागे लोंबणारा भाग कमी होतो.

आता कॅप कशाची? झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, कठीण हाडाचा १५च्या आसपास, अ‍ॅक्रिलिकचा जेमतेम ३. आकडे पाहून मऊ कॅप हाडाला जपेल असं वाटतं. पण सावकाश चावताना जोर तेवढाच हाडापर्यंत पोहोचतो. भातातला खडा अचानक लागला, तर अ‍ॅक्रिलिक थोडा धक्का गिळतं, आणि काही महिन्यांत झिजतंही. म्हणून कायमच्या दाढेला मी झिर्कोनियाच देते. घासून जुळवल्यावर आरशासारखं पॉलिश करते, नाहीतर समोरची दाढ झिजते.

शेवटी ८ मायक्रॉनचा शिमस्टॉक, म्हणजे चावा तपासायची अतिपातळ पट्टी, घ्या. हलकं चावल्यावर तो कॅपवरून सुटून आला पाहिजे, घट्ट चावल्यावर धरला गेला पाहिजे. खऱ्या दाताला भोवतीच्या तंतूंमुळे दबायला जागा असते, इम्प्लांटला जवळपास नाही. मग चाव्याचा रंगीत कागद ठेवून जबडा बाजूला सरकवायला सांगा. कॅपच्या उतारावर रंग उमटला, तर तिथे घासून तो घालवा आणि त्याच दिवशी एक्स-रे काढून ठेवा, पुढच्या वर्षी मानेचं हाड त्याच्याशीच ताडून बघायचंय.