संमिश्र मुळे असलेले बहुपदी समीकरण कसे सोडवावे

बहुपदी समीकरणाची कोटी (चलाचा सर्वांत मोठा घात) जितकी असते, तितकीच त्याची मुळे संमिश्र संख्यांमध्ये मिळतात. मात्र पुनरावृत्त मूळ जितक्या वेळा येईल तितक्या वेळा मोजावे लागते. सर्व सहगुणक वास्तव असतील, तर अवास्तव मुळे अनुबद्ध जोडीनेच येतात. म्हणजे २ + ३इ हे मूळ असेल तर २ − ३इ हेही असतेच (येथे इ² = −१). त्यामुळे विषम कोटीच्या अशा समीकरणाला निदान एक वास्तव मूळ असतेच, आणि शोधाची सुरुवात तिथूनच करावी.

क्ष³ − ५क्ष² + १७क्ष − १३ = ० हे समीकरण घेऊ. सहगुणक पूर्णांक असून पहिला सहगुणक १ असल्याने परिमेय मूळ असलेच, तर ते ±१ किंवा ±१३ यांपैकीच असणार. क्ष ची किंमत ऋण घेतली की चारही पदे ऋण होतात, तेव्हा ऋण संख्या तपासण्यात वेळ दवडू नये. क्ष = १ ठेवल्यास १ − ५ + १७ − १३ = ० मिळते. संश्लेषक पद्धतीने (फक्त सहगुणक ओळीने मांडून) क्ष − १ ने भागल्यावर भागाकार क्ष² − ४क्ष + १३ येतो. (बहुपदीत एखादा घात नसेल, तर त्याच्या जागी ० मांडावा, तो मांडायचा राहून गेला की पुढचे सगळे गणित चुकते.) या वर्गसमीकरणाचा विवेचक १६ − ५२ = −३६ आहे, म्हणून क्ष = (४ ± ६इ)/२ = २ ± ३इ. पडताळ्यासाठी मुळांची बेरीज १ + ४ = ५ आणि गुणाकार १ × १३ = १३ आहे, हे सहगुणकांशी जुळते.

क्ष⁴ − ६क्ष³ + १८क्ष² − ३०क्ष + २५ = ० याचे १ + २इ हे एक मूळ दिले असेल, तर संमिश्र अवयवांनी दोनदा भागत बसणे हा हकनाक खटाटोप आहे, कारण प्रत्येक पायरीवर इ सांभाळावा लागतो आणि चिन्हांचा घोळ होतो. त्याऐवजी जोडीतील दोन्ही अवयवांचा आधी गुणाकार करावा: (क्ष − १)² + ४ = क्ष² − २क्ष + ५. या वास्तव वर्गबहुपदीने भागल्यावर क्ष² − ४क्ष + ५ उरते, आणि त्यातून २ ± इ ही उरलेली मुळे मिळतात.

सहगुणकच संमिश्र असतील तर मात्र जोडीचा नियम गृहीत धरता येत नाही: क्ष² − ३इक्ष − २ = ० याची मुळे इ आणि २इ आहेत, आणि त्यांपैकी एकाचीही अनुबद्ध संख्या या समीकरणाचे मूळ नाही.