ड्राइव्हचा नॉइज शोधताना आधी केबलची टोकं बघा

कमिशनिंगच्या, म्हणजे नवीन मशीन जोडून चालू करून देण्याच्या, कामाला लागलात की पहिल्या वर्षातच ही तक्रार कानावर येते: "ड्राइव्ह चालू केला की प्रेशरचं रीडिंग नाचतं." ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, आणि नॉइज म्हणजे त्याच्यामुळे सिग्नलमध्ये शिरणारा विजेचा गोंधळ. मग कुणीतरी सांगतं, नवीन अर्थिंगचा खड्डा घ्या. माझ्या मते बहुतेक ठिकाणी तो खर्च वाया जातो.

४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमधली डीसी बस, म्हणजे आतली डीसी लाइन, साधारण ५८५ व्होल्टची असते. आयजीबीटी, म्हणजे ड्राइव्हमधले इलेक्ट्रॉनिक स्विच, ती सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करतात आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्या अंशात चढतं. त्या झटक्यासरशी केबल आणि वाइंडिंगच्या कपॅसिटन्समधून अर्थकडे करंट जातो. त्याला जमिनीत मुरायचं नसतं, ड्राइव्हकडे परत यायचं असतं. जवळची, रुंद वाट मिळाली नाही तर तो ट्रे, पाइप, ट्रान्समीटरच्या (प्रेशरचं रीडिंग पाठवणाऱ्या उपकरणाच्या) केबलचं शील्ड, मिळेल त्यातून परततो.

भोसरीतल्या एका पॅनलमध्ये मोटरची केबल चांगली शील्डेड, म्हणजे तारांभोवती धातूची जाळी असलेली, होती. पण वायरमनने शील्डची जाळी पिळून, हिरवी टेप गुंडाळून, वीतभर लांब शेपूट अर्थ बारला लगने (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीने) जोडलं होतं. मल्टिमीटर शून्य ओहम दाखवत होता, म्हणून कुणाला शंकाच आली नाही. वीतभर वायरचं इंडक्टन्स सुमारे ०.२ मायक्रोहेन्री. ५० हर्ट्झला ते नसल्यासारखंच, १० मेगाहर्ट्झला मात्र बारा ओहमच्या वर जातं. आम्ही ते शेपूट कापलं, केबलचं वरचं आवरण सोललं, माउंटिंग प्लेटचा रंग खरवडला आणि शील्ड सगळ्या बाजूंनी आवळणारा क्लॅम्प बसवला. मोटरच्या टर्मिनल बॉक्सला ईएमसी ग्लँड (केबल आत घेताना शील्डला सगळीकडून धरणारी धातूची ग्लँड) लावली. रीडिंग स्थिर झालं.

बाकीचं थोडक्यात. मोटरची आणि सिग्नलची केबल एका ट्रेत नको; ओलांडायचीच असेल तर काटकोनात. सिग्नलला पीळ दिलेली शील्डेड जोडी, आणि शक्य तिथे ०-१० व्होल्टऐवजी ४-२० मिलिअँपिअर. कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयजीबीटी चालू-बंद होण्याचा वेग, ८ वरून ४ किलोहर्ट्झ करून बघा. मोटरचा कानाला ऐकू येणारा आवाज वाढेल, पण रीडिंग सुधारलं तर त्रास ड्राइव्हचाच आहे हे फुकटात कळतं.

मोटर केबलचं शील्ड दोन्ही टोकांना बांधतात, ॲनालॉग सिग्नलचं सहसा फक्त पॅनलकडे. ग्लँड आवळायच्या आधी स्वतः तिथे उभे राहा आणि फोटो काढून ठेवा, कारण लाइन सुरू झाल्यावर टर्मिनल बॉक्स उघडायला कुणी शटडाउन देत नाही.