किडनीच्या गाठीचा सीटी: या चुका टाळा

किडनीच्या कॅन्सरची ऑपरेशनआधीची स्टेज मुख्यतः सीटीवर ठरते. तरी तो एका फेजमध्ये, म्हणजे डाय सोडल्यावर एकाच वेळी फोटो काढून, उरकणारे अजून भेटतात, आणि मला खरंच राग येतो.

शिरेतून डाय (सीटीवर उजळ दिसणारं औषध) सोडल्यावर तिसाव्या सेकंदाला फोटो काढले की किडनीचा बाहेरचा थर लख्ख उजळतो, आतला भाग काळाच राहतो. त्यात दडलेली लहान गाठ कशी सापडणार? त्याहून वाईट फसगत आयव्हीसीत, म्हणजे पोटातल्या मोठ्या शिरेत होते. किडनीतून डाय मिसळलेलं रक्त लवकर येतं, पायांकडून येणारं अजून कोरं असतं. दोन्ही एकत्र येतात तिथे मधोमध काळपट पट्टा उमटतो, अगदी गुठळीसारखा.

एक काका असाच रिपोर्ट घेऊन आले होते. उजव्या किडनीत ६ सेंटिमीटरची गाठ आणि ‘आयव्हीसीत थ्रॉम्बस’, म्हणजे गुठळी. त्या एका ओळीने स्टेज टी१बीची (गाठ किडनीपुरती) टी३बी (मोठ्या शिरेत शिरलेली) झाली होती. काकूंनी विचारलं, “डॉक्टर, गाठ हृदयाकडे चाललीय का हो?” सीडी लावली तर फेज एकच. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) बघून पुन्हा स्कॅन केला, १०० सेकंदांवर थांबून. शीर एकसारखी उजळली होती. गुठळी नव्हतीच! त्या दोघांनी दोन आठवडे झोपेविना काढले होते, तेही मिनिटभराच्या घाईपायी.

खरी गुठळी, म्हणजे शिरेत शिरलेला गाठीचाच भाग, गाठीला सलग लागून असते, शीर फुगवते आणि बहुतेकदा स्वतःही डाय घेते. ती आहे असं ठरलं तर तिचं वरचं टोक कुठे आहे हे लिहाच: यकृताच्या शिरांच्या खाली, वर, की डायाफ्रामच्याही (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) पलीकडे. सर्जनची सगळी तयारी त्यावर ठरते. शंका असेल तर मी एमआरआय करून घेते. गुठळी वाढत जाते, म्हणून महिन्यापूर्वीच्या स्कॅनवर ऑपरेशनला जाऊ नये.

माझ्याकडे प्लेन, म्हणजे डाय न देता केलेला, स्कॅन कधीच गाळला जात नाही. गाठीने डाय घेतला का, हे प्लेनशी ताडल्याशिवाय सांगता येत नाही. २० हौन्सफिल्ड युनिटच्या (सीटीवर घनता मोजायचं एकक) वर वाढ झाली तर घेतला. नवशिके नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधतात. कर्सर ठेवून मोजा ना!

छातीचा सीटी विसरू नका, हा कॅन्सर सगळ्यात जास्त फुप्फुसात पसरतो. हाडांचा स्कॅन हाडं दुखत असतील किंवा रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांवर परिणाम झाला की वाढू शकणारं एन्झाइम) वाढलं असेल तरच. नेहमीचा एफडीजी पेट (किरणोत्सारी साखरेसारखं औषध देऊन केलेला स्कॅन) सरसकट नको: तो एफडीजी लघवीवाटेच बाहेर पडतो, किडनी आपोआप चमकते, आणि बऱ्याच गाठी तो नीट घेतही नाहीत.

आणि पेशंटच्या हातात फक्त फिल्म देऊ नका. पूर्ण सीडी द्या, सगळ्या फेजसकट.