आजीची वही कशी करावी

आजी गेल्यावर तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं आणि प्रत्येकाच्या तोंडी तिची एखादी गोष्ट असते. तिच्या आठवणी आणि तिच्या हातचे पदार्थ एका वहीत उतरवायचं काम तेव्हाच सुरू करा. चौदाव्या दिवशी माणसं पांगतात. वर्षश्राद्धाला पुन्हा जमतात तोवर निम्म्या गोष्टी विसरलेल्या असतात आणि उरलेल्यांना मीठमसाला लागलेला असतो. आजी हयात असेल तर उत्तमच, तिच्या शेजारी बसून लिहा. फक्त "तुझ्या आठवणी लिहून ठेवतोय" असं तिला सांगू नका. माझी आजी ते ऐकून म्हणाली होती, "का रे, निघाले की काय मी?"

साहित्य फार लागत नाही. दोनशे पानी वही, पेन्सिल, मोबाइल आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा.

1. विशेषणं दाराबाहेर ठेवा

प्रेमळ, कष्टाळू, अन्नपूर्णा हे शब्द वहीत येणार नाहीत, हे पहिल्याच पानावर लिहा. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ते शोभतात, पण त्यांतून कुठलीही आजी उभी राहते आणि आपली मात्र राहत नाही. "सगळ्यांचं करायची गं" असं आत्या म्हणाली की विचारा, कोणाचं? काय करायची? आमच्याकडे या प्रश्नातून निघालं ते असं, की दूधवाल्याच्या पोराची दहावीची परीक्षा होती तेव्हा रोज सकाळी त्याच्या हातावर दहीसाखर ठेवायला आजी दारात उभी असायची. घरात हे कोणालाच धड माहीत नव्हतं.

2. तिचं माप शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा. "अंदाजाने घालायचं" हे प्रत्येक आजीचं उत्तर असतं आणि ते खोटं नसतं. तिचा अंदाज तिच्या मुठीत असतो. म्हणून ती मूठ भरते तेव्हा पातेल्याआधी मध्ये वाटी धरा, काट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या दिवशी.

आजी नसेल तर तिची भांडी असतातच. तिची रोजची वाटी आधी रिकामी तोला, मग काठोकाठ पाणी भरून तोला. फरक 150 ग्रॅम आला तर वाटी 150 मिलिलिटरची. जुन्या कागदावर "मापटंभर डाळ" असं सापडलं तर दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक लक्षात ठेवा. पण एक गफलत हमखास होते. ही धान्याची मापं भरून मोजायची. तोलायचा शेर निराळा, 80 तोळ्यांचा, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. शिवाय गावागावात मापं वेगळी असत. देशात दशमान वजनं आली ती 1 ऑक्टोबर 1958 पासून, तीही टप्प्याटप्प्याने. तेव्हा इंटरनेटवर शेराचे ग्रॅम शोधण्यापेक्षा माळ्यावर चढून घरचं पितळी माप शोधा.

आकड्यांइतक्याच तिच्या खुणा महत्त्वाच्या. पुरण झालं कधी? पातेल्यात उलथनं उभं राहिलं की. हे असंच लिहा. "मध्यम आचेवर 10 मिनिटं" अशी सुधारणा करायला जाऊ नका. व्हिडिओ घेणार असाल तर चेहऱ्याचा नको, हातांचा घ्या. कॅमेरा तोंडासमोर आला की आजी पदर सारखा करते आणि भाकरी थापायची लय जाते.

3. उंबऱ्यापलीकडची आजी

घरच्यांना आजी अर्धीच माहीत असते. उरलेली भजनी मंडळात, महिला मंडळात, शेजारच्या बाळंतिणीकडे असते. तिथे जाऊन विचारा.

आमचं घर सासवडचं. माउलींची पालखी पुण्याहून दिवेघाट चढून येते ती आमच्या गावी मुक्कामाला. घाट चढणाऱ्यांना बहुधा एकादशी असते, म्हणून त्या दिवशी आजीची भगर आणि दाण्याची आमटी, नि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पिठलं-भाकरी. आम्ही समजत होतो, हे सगळं आमच्याच चुलीवर होतं. गल्लीत विचारल्यावर कळलं की आजीने आठ घरांना पिठं वाटून दिलेली असायची, कुठल्या घरून किती भाकऱ्या यायच्या ते ठरलेलं असायचं, आणि ज्या घरात त्या वर्षी अडचण असेल तिथलं पीठ ती गाजावाजा न करता दुसरीकडे वळवायची. ही खरी तिची कला. आम्ही तिला नुसतं सुगरण म्हणत बसलो होतो.

पुरावा कुठे मिळाला? जुन्या कालनिर्णयांत. दुधाच्या खाड्यांशेजारी, त्याच चौकोनात, घराघरांची आद्याक्षरं आणि आकडे. तुमच्याकडे जुनी कॅलेंडरं, भिशीच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं असतील तर रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही चाळा.

4. सालं लावा

आज्या तारीख सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. "पानशेत फुटलं तेव्हा तुझा काका पाळण्यात होता" म्हणजे 12 जुलै 1961 च्या आसपास. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. मोठा दुष्काळ 1972 चा. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटेचा. अशी चार-पाच सालं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली की गोष्टी आपोआप ओळीने लागतात. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट. तंटा सोडवत बसू नका.

5. फोटो

चिकट पानांच्या अल्बमांतून फोटो ओढून काढू नका, फाटतात. आधी अल्बममध्ये असतानाच मोबाइलवर घ्या. सुटे फोटो असतील तर मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

6. छापा, पण कोरी पानं सोडून

वही टाइप करून झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बांधून घ्या, घरटी एक. प्रत्येक पदार्थानंतर एक पान कोरं ठेवा. आणि प्रत स्वयंपाकघरात ठेवायची, शोकेसमध्ये नाही. तेलाचे डाग पडू देत.

आमच्या घरच्या प्रतीत गोड्या मसाल्यासमोरच्या कोऱ्या पानावर धाकट्या वहिनीने पेन्सिलीने लिहिलंय, "तीळ कमी पडतात. आत्यांना विचारा." त्याखाली आत्याचं अक्षर आहे, "पडत नाहीत. खोबरं नीट भाज."