पंप गेला म्हणायच्या आधी, रविवारची तयारी

भावा, तुझ्या पाण्याने थंड होणाऱ्या कॉम्प्युटरचं तू सांगितलेलं लक्षण ओळखीचं आहे. गेम चालू केला की दोन मिनिटांत प्रोसेसर ९० अंशांच्या वर आणि रॅडिएटरला हात लावला तर गारच, म्हणजे पाणी नीट फिरत नाहीये (किंवा ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा पाण्याचा ठोकळा, नीट बसला नाहीये, तेही बघूच). पण एवढ्यावरून पंप गेला असं धरू नकोस आणि नवीन तर अजिबात मागवू नकोस. मलाही एका दुकानात बघितल्याबरोबर पंप गेला म्हणून सांगितलं होतं, मी नवीन डी५ पंप घेतला, लावला, आणि फ्लो होता तेवढाच राहिला, खरा अडथळा ब्लॉकमधे होता. म्हणून आधी लूप (पंप, ब्लॉक, रॅडिएटर आणि नळ्यांची पाण्याची साखळी) न उघडता जे बघता येतं ते बघून ठेव, आणि उघडायचाच झाला तर सगळं सामान हाताशी घेऊन एकदाच उघडू.

शनिवारी रात्री पहिलं काम वायरींचं. पंपाला करंट कुठून येतोय बघ, साटा किंवा मोलेक्स कनेक्टरमधून थेट पॉवर सप्लायवरूनच यायला पाहिजे, मदरबोर्डच्या फॅन हेडरवरून (फॅन लावायच्या पिनांवरून) नाही. साधा हेडर १ अँपिअरचा असतो म्हणजे १२ वॅट, आणि डी५ पूर्ण स्पीडला २० वॅटच्या आसपास घेतो, ते त्याला झेपत नाही. हेडरवर फक्त स्पीडच्या बारीक वायरी. मग बायॉसमधे (मदरबोर्डच्या सेटिंगमधे) जाऊन तो हेडर पीडब्ल्यूएमवर (सिग्नलने स्पीड ठरवायच्या मोडवर) आहे का आणि १०० टक्के ठेवलाय का बघ, कारण बरेचदा तिथे फॅनचा कर्व्ह (तापमानानुसार स्पीड बदलायचं सेटिंग) लागलेला असतो आणि पंप बिचारा अर्ध्या स्पीडला फिरत असतो. डी५ पीडब्ल्यूएम पूर्ण ताकदीला ४८०० आरपीएमच्या आसपास दाखवतो, तुझा दोन-अडीच हजार दाखवत असेल तर दोष इथेच सापडला, लूपला हात लावायचीही गरज नाही. आणि डायलवाला पंप असेल तर मागचा आकडा ५ वर कर, बस.

आरपीएम पूर्ण आहे तरी फ्लो नाही, तर पुढचा संशय हवेचा. कान लाव, पंपातून खडीसारखा खडखड आवाज येत असेल तर आत हवा अडकलीये. रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी) वरपर्यंत भर, केस पुढे मागे आणि दोन्ही बाजूंना सावकाश कलती कर, पंप चालू-बंद चालू-बंद कर. कोरडा मात्र एक मिनिटही चालवू नकोस, त्याच्या बेअरिंगला पाणी हेच ऑइल आहे. सॉफ्ट ट्यूब कुठे दुमडली असेल तर तीही टॉर्च मारून बघून घे.

आता सामान. ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं, सीलबंद कॅन घे. बोअरचं पाणी नको, आणि आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाचं पाणी प्यायला कितीही गोड असलं तरी लूपमधे नळाचं टाकायचं नाही, क्षार राहतात. घरातली मोठी परात, दोन जुने टॉवेल, टिश्यूचा रोल, मऊ टूथब्रश, पांढरं व्हिनेगर, जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि प्रोसेसर-ब्लॉकच्या मधे लावायची थर्मल पेस्ट, पेस्ट संपली असेल तर एमजी रोडवरून आणून ठेव कारण ब्लॉक काढला की जुनी पेस्ट परत चालत नाही. २४ पिनचा जंपर (मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय चालू करणारा) पण घे, रेडीमेडच, वायर वाकवून जुगाड नको. मदरबोर्डच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या केबली काढून नुसता पंप चालवायचा, म्हणजे पाणी सांडलं तरी बोर्ड बंद असतो.

आणि एक गोष्ट माझ्याकडून, दुधाचं स्टीलचं लिटरचं माप, भांडीबाजारातून घेतलेलं. परतीची नळी रिझर्व्हॉयरवरून काढून मापात सोडायची, एकाने वरून पाणी ओतत राहायचं, दुसऱ्याने मोबाईलवर टायमर लावायचा. १५-१६ सेकंदांत लिटर भरलं म्हणजे मिनिटाला ४ लिटर, एकदम उत्तम. ३० सेकंदं लागली तरी चालतं. मिनिट लागलं तर मात्र गडबड आहे, कारण मिनिटाला १ लिटर पाण्यावर ३०० वॅटचा लोड पडला की पाणी एका फेरीतच ४ अंशांच्या वर तापतं, ४ लिटरला तेच जेमतेम १ अंश. हा आकडा वहीत लिहून ठेवायचा, साफ केल्यावर परत मोजायचाय.

माप कमी आलं तर ब्लॉक उघडायचा. आधी इनलेट-आउटलेट उलटं नाही ना बघ, मग प्रत्येक थराचा फोटो काढ, जेट प्लेट (पाण्याची धार आत सोडणारा पातळ पत्रा) कुठल्या बाजूने होती ते नंतर आठवत नाही. माझ्या ब्लॉकमधे तांब्याच्या बारीक पट्ट्यांवर पांढरट मेणचट साय होती, नखाने ओढली तर चिकट धागा निघाला, सॉफ्ट ट्यूबमधून सुटलेला प्लॅस्टिसायझर (नळी मऊ ठेवणारं रसायन) तो. अपारदर्शक रंगाचं कूलंट वापरलं असेल तर त्याचाही गाळ तिथेच बसतो. व्हिनेगरमधे पाणी घालून ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने घासायचं, डिस्टिल्डने तीन-चारदा धुवायचं, रबरी ओ-रिंग खाचेत सगळीकडून बसलीये का बोट फिरवून बघायचं. जॉइंटखाली टिश्यू ठेवून नुसता पंप रात्रभर चालवायचा, टिश्यू कोरडे राहिले तरच बाकीच्या केबली लावायच्या.

एवढं करूनही लिटरला मिनिट लागलं तर पंपाचा टॉप (वरचं झाकण) काढून रोटर बघू, त्यात दोरा, केस, नळीचा तुकडा नसेल आणि तरी ताकद नसेल तर मग नवीन मागव. मी दहाला येतो, माप घेऊन.