हॉर्न वाजत नाही, मीटर मात्र १२ दाखवतोय

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलची दोन वर्षं काढून मी रत्नागिरीत गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणाऱ्या एका वायरमनच्या हाताखाली लागलो. चौथ्याच महिन्यात ही गाडी आली. टुरिस्ट परमिटची, दुसऱ्या दिवशी पासिंग, आणि हॉर्न दाबला की नुसती घरघर, घसा बसल्यासारखी. हॉर्नशिवाय पासिंग होत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच तो सक्तीचा आहे. मालक स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होता. उस्ताद जेवायला गेलेले.

मी हॉर्नचा कपलर (वायरीचा सॉकेट) काढला, त्यातल्या दोन पिनांवर मीटर धरला आणि मालकाला हॉर्न दाबायला लावलं. १२.४ व्होल्ट. करंट येतोय, म्हणजे हॉर्न गेला. झालं! दुकानातून नवी जोडी आणली, बसवली, दाबलं. तीच घरघर. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत हे मला त्या दिवशी कळलं, आणि जोडीचे पैसे माझ्या पगारातून गेले. जुना हॉर्न बॅटरीवर डायरेक्ट लावून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेवढं केलं नाही, कारण मीटर बोलला होता ना!

उस्ताद आले, हात पुसले, काही बोलले नाहीत. कपलर जोडलेलाच ठेवून काळ्या वायरीच्या बाजूने मागून मीटरची पिन खुपसली, दुसरी पिन बॅटरीच्या मायनसवर. "दाब." मीटरवर ५.८. सोडलं की शून्य. मग दहाचा पाना घेऊन ते हेडलॅम्पच्या मागे वाकले. अर्थिंगचा, म्हणजे मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट घट्ट होता, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची रिंग) चकचकीत. मी ते बघून "ओके" म्हटलं होतं. खोलला तर थिंबलखाली रंग! गाडी कधीतरी पुढून ठोकलेली. डेंटर-पेंटरने पत्र्यावर रंग मारून त्यावरच थिंबल आवळलेलं. जो काही संबंध होता तो बोल्टच्या आट्यांतून, आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेने ते आटे लाल झालेले. रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. मीटरवर ०.१. हॉर्न असा वाजला की मालक स्टुलावरून उठला.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला ते समजायला वर्ष लागलं. उस्तादांनी एकच वाक्य सांगितलं होतं: "मीटर फुलपात्रभर पाणी मागतो, हॉर्नला बादली लागते." हिशेब ढोबळ आहे, पण करून बघा. हॉर्न साधारण ४ अँपिअर खेचतो, म्हणजे १२ व्होल्टला तो जवळपास ३ ओहमचा. अर्थिंगच्या जोडातही ३ ओहम अडथळा बसला, तर व्होल्टेज निम्मं-निम्मं वाटलं जातं: हॉर्नला ६, खराब जोडावर ६. पण कपलर काढून मीटर लावलात, तर हॉर्नच्या जागी मीटर येतो, आणि डिजिटल मीटरचा आतला अडथळा असतो साधारण १ कोटी ओहम. त्याच्यापुढे तुमचे ३ ओहम म्हणजे काहीच नाही. करंट वाहतच नाही, म्हणून खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही, म्हणून मीटर पूर्ण १२ दाखवतो. मीटर खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीचं विचारतो. दोन तारांवर लटकलेल्या, आतून हिरव्या पडलेल्या वायरीतूनही १२ व्होल्ट दिसतात.

म्हणून हॉर्न जोडलेला आणि दाबलेला असतानाच मोजायचं. हॉर्नच्या मायनस पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. तसंच बॅटरीच्या प्लसपासून हॉर्नच्या प्लस पिनेपर्यंत. ज्या बाजूला जास्त दिसेल त्या बाजूने एकेक जोड मागे सरकत जा.

बाकीचं तुम्हाला येतंच. हॉर्न पूर्ण मुका असेल तर आधी फ्यूज, मग रिलेवर (बटण दाबलं की हॉर्नला करंट जोडून देणारा छोटा स्विच) बोट ठेवून हॉर्न दाबायला सांगा. टिक लागली तर बटणाची बाजू ठीक. नाही लागली तर तसलाच शेजारचा रिले टाकून बघा. बहुतेक गाड्यांत बटण रिलेच्या कॉइलला अर्थ देतं, म्हणून स्टिअरिंग वळवताना हॉर्न आपोआप वाजला तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय. सारखाच वाजत राहिला तर रिले उपसा आणि बटणाकडून येणाऱ्या पिनेला, बटण न दाबता, अर्थ मिळतोय का बघा. मिळत असेल तर दोष बटणाकडे, नसेल तर रिलेचे पॉइंट चिकटलेत.

हॉर्न बंद आणि सोबत एअरबॅगचा दिवाही पेटलेला असेल तर संशय स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे चाक फिरतानाही हॉर्न-एअरबॅगच्या वायरी जोडून ठेवणाऱ्या गुंडाळीवर. इथे मात्र हात मागे घ्या. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, ओहमवर मीटरही नाही. एअरबॅग तोंडावर फुटते. बॅटरीची मायनस काढून, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबून, शिकलेला माणूस शेजारी असेल तरच स्टिअरिंगवरचं पॅड उघडा. पहिल्या वर्षी नाही जमलं तर बिघडत नाही, मीही दोन वर्षं नुसता बघत होतो.

आणि ते "डायरेक्ट करून टाक" म्हणणारे. नवीन बटण, बॅटरीवरून सरळ वायर, फ्यूज नाही, गिऱ्हाईक खूश. माझा या लोकांवर राग आहे आणि तो जाणार नाही. पुढच्या पावसाळ्यात ती वायर जळते आणि शोधायला आपण. हॉर्नच्या मागचा स्क्रू फिरवून आवाज आणणारेही त्यातलेच. व्होल्टेज कमी पडत असताना स्क्रू फिरवलात तर चांगला हॉर्नही बिघडवाल. उस्तादांबद्दल म्हणाल, तर न बोलणारा उस्ताद वाईट नसतो, त्याच्या हाताकडे बघायचं. पण "मीटरबिटर काही नको" म्हणणाऱ्याकडे सहा महिन्यांवर थांबू नका.

त्या गाडीवर नवी जोडी तशीच राहिली. जुनी मी घरी आणली. तिला दोन लांब वायरी लावून लोड म्हणून वापरायचो: संशयित वायरीवर जोडायची, वाजली तर वायर ठीक. शेजारच्या काकूंनी दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा दारात आल्या. आता इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वापरतो.